फळ्याच्या उजव्या कोपऱ्यातली नावं

"मॅडम, हे पोट्टी सकाळी उठली का पोट धरून बसते. रविवारी मस्त राह्यते. सोमवार आला का पुन्हा तेच."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, शाळा सुटताना फाटकापाशी तिच्या आईनं मला हे सांगितलं. मी म्हटलं, पावसाळ्याचे दिवस आहेत, पाणी उकळून द्या, डॉक्टरांना दाखवून घ्या. एवढं बोलून मी पुढच्या पालकांकडे वळले. त्या पोटदुखीचं मूळ माझ्याच वर्गात होतं आणि ते मीच रुजवलं होतं. हे कळायला मला आणखी महिना लागला.

शाळा पूर्व नागपुरातली, अनुदानित, मराठी माध्यमाची. वर्ग तिसरीचा, पटावर ४१ मुलं. मी वर्गशिक्षिका. मुलांची नावं इथं देणार नाही. त्या मुलीला 'मॉनिटर' म्हणेन, कारण त्या काळात वर्गात तिला दुसरं नाव उरलंच नव्हतं. आणि ज्या मुलाचं नाव फळ्यावर सर्वांत जास्त वेळा आलं, त्याला 'खिडकीजवळचा मुलगा' म्हणेन.

बिल्ला

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस भरतात. पहिला आठवडा पाठ्यपुस्तकांचं वाटप, गणवेशाची मापं आणि पटाच्या नोंदी यांतच जातो. त्याच धांदलीत मॉनिटर नेमून टाकायचा, ही आमची वर्षानुवर्षांची रीत. मी तिला नेमलं. अक्षर सुरेख, गृहपाठ वेळेवर, कधी उलटून बोलणं नाही. तुला हे काम आवडेल का, असं मी तिला विचारलं नाही. वर्गालाही विचारलं नाही. लाल बिल्ला तिच्या गणवेशाला लावला, सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. वडिलांनी संध्याकाळी बिल्ल्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला ठेवला.

"मी येईपर्यंत बोलणाऱ्यांची नावं लिहून ठेव." महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या माणसाला हे वाक्य ओळखायला वेळ लागणार नाही. फळ्याच्या उजव्या बाजूला उभी रेघ, वर 'बोलणारी मुले' असा मथळा, खाली नावं. पुन्हा बोललं तर नावापुढे फुली. मी परतले की नावं लागलेली मुलं उभी राहायची. तीन फुल्या झाल्या की मधल्या सुटीतली पाच मिनिटं कापली जायची.

या पद्धतीमागे कोणाचा दुष्टपणा नसतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्राथमिक वर्गांसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण सांगतो. माझ्यासमोर ४१ होती. वर पोषण आहाराची रोजची नोंद, यु-डायस या सरकारी नोंदणीत भरायची शाळेची माहिती, आधारची जुळवाजुळव आणि कार्यालयातून दिवसातून दोन-तीनदा येणारं "मॅडम, जरा पाच मिनिटं या". त्या पाच मिनिटांत ४१ मुलं गप्प राहावीत आणि कोणी बाकावरून पडून डोकं फोडून घेऊ नये, एवढीच माझी इच्छा असायची. ती जबाबदारी मी आठ वर्षांच्या मुलीच्या हातात खडूसकट दिली.

महिनाभरात जे जे दिसत होतं

आता मागे वळून पाहते तेव्हा खुणा ढीगभर होत्या. मधल्या सुटीत ती खेळायला जाईनाशी झाली होती. डस्टर हातात घेऊन फळ्यापाशी उभी राहायची. खिचडीच्या पंगतीत ती शेवटी बसायची, आणि तिच्या शेजारची चटई बरेचदा रिकामी असायची. तिच्या कंपासपेटीत नवे खोडरबर, चमकीचे स्टिकर, दोन-चार चिंचेच्या गोळ्या दिसायच्या. मला वाटलं, मुलं तिच्यावर खूश आहेत. खरं तर नाव लिहू नये म्हणून दिलेली ती लाच होती. तिनं त्यातलं काहीच वापरलं नव्हतं. गोळ्या कागदासकट तशाच होत्या.

आमच्या शाळेत तक्रारपेटी आहे, सगळ्याच शाळांत असते. मुख्याध्यापकांनी ती महिन्याअखेर उघडली तेव्हा तिच्यात चॉकलेटचे कागद, एक तुटलेली पेन्सिल आणि वहीच्या पानाचा चतकोर निघाला. त्यावर लिहिलं होतं, 'मॅडम तिसरीचा मॉनिटर बदला.' आम्ही तो कागद वाचला आणि बाजूला ठेवला. कोणाचं तरी कट्टी-बट्टीचं भांडण असेल, असं वाटलं.

दरम्यान तिच्या आईवडिलांनी तिला दोनदा डॉक्टरांकडे नेलं. लघवी तपासली, जंताचं औषध झालं, पोटाची सोनोग्राफीसुद्धा केली. सगळं ठीक निघालं. मग घरात कोणीतरी म्हटलं, नाटकं करते. हा शब्द तिच्यासमोर उच्चारला गेला याचं मला आजही फार वाईट वाटतं.

लहान मुलांची अशी पोटदुखी नवी नाही. जॉन अ‍ॅप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी १९५८ साली हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात साधारण दहातल्या एका मुलाला वारंवार पोट दुखण्याचा त्रास होता, आणि त्यातल्या बहुतेकांत शरीराचा कोणताही आजार सापडला नाही. आजार सापडला नाही म्हणजे दुखत नव्हतं, असा याचा अर्थ नाही. पोट खरंच दुखतं. आतडी आणि मेंदू यांच्यात सतत निरोपांची ये-जा चालू असते, आणि भीती, लाज, ताण मुलांना शब्दांत सांगता येत नाहीत तेव्हा ते पोटातून बोलतात. शाळा हल्लीच सकाळी नऊला भरू लागली होती. २०२४ पासून राज्यात चौथीपर्यंतच्या वर्गांची वेळ नऊच्या आधी नसावी असा शासनाचा निर्णय आहे. त्यामुळे झोप अपुरी पडते, हेही कारण उरलं नव्हतं.

मारबत

मारबत ही नागपूरची खास आपली गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरंसोरं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि त्याच दिवशी महाल-इतवारीकडे काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, निघतात. सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे थट्टेचे पुतळे असतात. १९व्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेल्या या मिरवणुकीत माणसं कंठ फुटेस्तोवर ओरडतात, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" रोगराई, भ्रष्टाचार, महागाई, जे जे नको ते त्या वर्षी मारबतीबरोबर गावाबाहेर जाऊन जळतं. आमची मुलं वडिलांच्या खांद्यावर बसून हे पाहतात आणि पुढचे चार दिवस शाळेत तेच खेळतात.

सुटीनंतर शाळा भरली त्या दिवशी मला कार्यालयातून बोलावणं आलं. परतताना व्हरांड्यातच आवाज ऐकू आला. दाराशी थांबले. सात-आठ पोरं बाकांमधल्या जागेत रांग करून चालत होती, पुढच्यानं झाडू उभा धरला होता, आणि सगळी एका सुरात ओरडत होती, "मॉनिटरले घेऊन जा गे मारबत! मॉनिटरले घेऊन जा गे मारबत!" बाकीचा वर्ग टाळ्या देत होता.

ती फळ्यापाशी उभी होती. पाठ वर्गाकडे. ती नावं लिहीत होती. ओरडणाऱ्या एकेकाचं नाव, एकाखाली एक, त्याच सुरेख अक्षरात, हात जराही न थरथरता. रेघेखालची जागा संपली म्हणून ती बोटांवर उभी राहून वरच्या बाजूला लिहायला लागली होती.

मी आत गेले तसा वर्ग चिडीचूप झाला. मी कोणालाच रागावले नाही. त्या क्षणी रागवायला माझ्याकडे तोंडच नव्हतं.

वहीची शेवटची पानं

त्याच दुपारी मी तिची गणिताची वही तपासायला घेतली. मागची पानं भरलेली होती. रोजची तारीख, खाली फळ्यावरची नावं, नावांपुढे फुल्या. फळा पुसला तरी हिशेब राहावा म्हणून ती घरी जाऊन सगळं उतरवून ठेवत होती. मी तिला असं कधी सांगितलं नव्हतं. खिडकीजवळच्या मुलाचं नाव जवळजवळ प्रत्येक तारखेखाली होतं. आणि पोळ्याच्या आधीच्या आठवड्यातल्या एका तारखेखाली, सगळ्यांत शेवटी, तिचं स्वतःचं नाव होतं. पुढे एक फुली.

शाळा सुटल्यावर मी तिला माझ्याजवळ बसवून घेतलं. आई दाराशी होती.

"हे तुझं नाव का गं लिहिलंस?"

"मी पण बोलली."

"कोणाशी?"

तिनं खिडकीकडे पाहिलं. "त्याच्याशी. तो विचारत होता, फळ्यावर काय लिहिलं म्हणून. मी सांगितलं."

"आणि त्याचं नाव?"

"त्याचं तर लिहिलंच. तो बोलला ना." मग थोड्या वेळानं, बिल्ल्याच्या पिनेशी चाळा करत, "तो रोज तेच विचारते, मॅडम. दुसरं काही नाही बोलत. फक्त काय लिहिलं ते विचारते. पण तुम्ही म्हटलं होतं, बोलणाऱ्यांची नावं लिहायची."

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला त्याच्या जागेवरूनच फळ्यावरची ओळ वाचायला सांगितली. त्यानं डोळे बारीक केले, मान तिरकी केली, आणि शेजाऱ्याकडे वळून कुजबुजला. पहिल्या बाकावर आणून बसवलं तर त्यानं ती घडाघडा वाचली. ज्या फळ्यावर दोन महिने त्याचं नाव लागत होतं, तो फळा त्याला खिडकीजवळून दिसतच नव्हता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक तेव्हा अजून आमच्या शाळेत यायचं होतं. त्याची आई घरकामं करते. एका दिवसाची कामं सोडून ती त्याला मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्र विभागात घेऊन गेली. चष्म्याचा नंबर निघाला उणे अडीच.

या सगळ्यातलं मला सर्वांत जास्त बोचलं ते हे. वर्गात ४१ मुलांपैकी फक्त एकीला माहीत होतं की या मुलाला दिसत नाही. तिनं ते रोज पाहिलं होतं, तिला त्याची कणवही आली होती. पण तिच्या हातात मी जे काम दिलं होतं, त्यात हे सांगायला जागाच नव्हती. त्या कामात एकच गोष्ट करता येत होती, नाव लिहिणं. म्हणून ती नाव लिहीत राहिली आणि रात्री ते वहीत उतरवत राहिली. तिच्या पोटात दुखणार नाही तर काय?

शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला बंदी घालतं. मी एकोणीस वर्षांत कोणा मुलावर हात उगारला नाही, आणि याचा मला अभिमान होता. पण चारचौघांत नाव लावणं, उभं करणं, खेळाची मिनिटं कापणं, हे सगळं मी एका मुलाच्या हातून दुसऱ्या मुलावर करवून घेत होते. करणारी आणि भोगणारा, दोघंही आठ वर्षांची.

माझी दुसरी चूक

इथं मी घाई केली. दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर वर्गात सांगून टाकलं, आजपासून आपल्या वर्गात मॉनिटर नाही. आणि तिचा बिल्ला काढून टेबलाच्या खणात ठेवला. वर्गानं जोरात टाळ्या वाजवल्या. मला वाटलं होतं, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. ती हमसून रडली. पुढचे दोन दिवस शाळेत आली नाही.

तिसऱ्या दिवशी वडील आले. बुटीबोरीला कारखान्यात कामाला आहेत, रात्रपाळी करून सरळ शाळेत आले होते. आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "मॅडम, तिचा बिल्ला काऊन काढला? तिचं चुकलं काय? तुम्ही सांगितलं तेच तर केलं तिनं."

मी त्यांना वही दाखवली. त्यांनी पानं उलटली, स्वतःच्या मुलीचं नाव आणि त्यापुढची फुली पाहिली आणि बराच वेळ ते पान तसंच उघडं धरून बसले. "हे आमाले घरी दिसली असती तर आम्ही शाबासकी दिली असती, मॅडम. किती मन लावून काम करते म्हणून." हे वाक्य मी विसरू शकत नाही, कारण मीही तेच केलं असतं.

जे वर्गासमोर झालं ते वर्गासमोरच निस्तरायला हवं होतं. ती परत आली त्या दिवशी मी मुलांना सांगितलं की नावं लिहायला मी सांगितलं होतं, तिनं माझं ऐकलं, चूक माझी होती. ती वाईट मॉनिटर नव्हती. मी तिला वाईट काम दिलं होतं. मुलं गप्प ऐकत होती. मारबतीत झाडू धरून पुढे चालणाऱ्या मुलानं हात वर केला. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. "मग मॅडम, आता आमची नावं कोण लिहीन?"

त्याला नावं न लिहिणारा वर्ग कसा असतो तेच ठाऊक नव्हतं. बालवाडीपासून त्याचं नाव कोणीतरी लिहीतच आलं होतं.

कोणाला काय पाहिजे

पुढचं ठरवण्याआधी मी एक साधी चाचणी घेतली. १९३४ साली जेकब मोरेनो यांनी समाजमिती नावाची पद्धत मांडली, डी.एड.ला आम्ही ती पाठ केली होती पण वापरली कधी नव्हती. प्रत्येक मुलाला दोनच प्रश्न, एका चिठ्ठीवर: खिचडी खायला तुला कोणाशेजारी बसायला आवडेल? गणित अडलं तर कोणाला विचारशील? 'कोण आवडत नाही' हा प्रश्न मी मुद्दाम टाळला, तो विचारणंच मुलांना ओरबाडतं. चिठ्ठ्या एकमेकांना बाणांनी जोडून मोठ्या कागदावर काढल्या. गणितासाठी अकरा जणांनी मॉनिटरचं नाव लिहिलं होतं. खिचडीसाठी एकानंही नाही.

तेव्हा मला आपल्या जवळच्या सेवाग्रामची आठवण झाली. नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवर, १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याला झालेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम, म्हणजे गांधीजींची हातकामातून शिकवण्याची पद्धत, उभी राहिली. तिथल्या शाळेत मुलं आपले मंत्री निवडत: सफाईचा, स्वयंपाकाचा, आरोग्याचा. ही परंपरा जिल्हा परिषदेच्या किती तरी शाळांत शालेय मंत्रिमंडळ म्हणून आजही चालू आहे. त्या खात्यांच्या यादीकडे मी नव्यानं पाहिलं. प्रत्येक खातं एखाद्या कामाचं आहे. दुसऱ्या मुलावर पाळत ठेवायचं खातं त्यात नाही.

आमच्या बालसभेत मुलांनीच कामं काढली. माठ भरणं, खिचडीच्या चटया, वाचनाची पुस्तकं, पंखे-दिवे, पहिलीच्या मुलांना हात धुवायला नेणं. दर सोमवारी बदल, जोडीनं काम, कोणाचं काम करून झालं नाही तर जोडीदार मदत करेल. आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यावरून वाद झाला. रेघ पुसायची का? मॉनिटर, म्हणजे आता माजी मॉनिटर, त्या दिवशी पहिल्यांदा आपणहून बोलली. "रेघ राहू द्या मॅडम. तिथं कोणाला काय पाहिजे ते लिहू."

ही कल्पना सुरुवातीला चांगलीच फसली. पहिल्या दोन आठवड्यांत त्या कोपऱ्यात जे लिहिलं गेलं त्यातलं निम्मं 'यानं मला चिमटा काढला' आणि 'तिनं माझी पेन्सिल चोरली' असंच होतं. जुनीच यादी, मथळा नवा. मग बालसभेत पुन्हा चर्चा झाली आणि नियम ठरला की तिथं फक्त स्वतःबद्दल लिहायचं, दुसऱ्याबद्दल लिहायचं तर त्याला विचारून. त्यानंतर हळूहळू कोपरा सुधारला. 'पेन्सिल संपली.' 'मला आज घरी जायची भीती वाटते.' 'बाबा दवाखान्यात आहे.' 'भागाकार नाही समजला', याखाली सहा नावं. यातलं दुसरं वाक्य वाचून, ती भीती जिची होती त्या मुलीच्या घरी मी गेले आणि नंतर मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीपुढेही तो विषय नेला. त्याबद्दल इथं अधिक लिहिणं योग्य नाही. एवढंच सांगते, की तक्रारपेटीत ते वाक्य कधीच पडलं नसतं. तिसरीतलं मूल पेटीत चिठ्ठी टाकत नाही, ते मैत्रिणीला सांगतं आणि मैत्रीण खडू उचलते.

सहकाऱ्यांचं म्हणणं

आमच्या शाळेतल्या ज्येष्ठ बाई स्पष्ट म्हणाल्या, तू वर्ग डोक्यावर बसवून घेशील. त्यांचा अनुभव मोठा आहे आणि त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. पहिला महिना वर्गात खरंच गोंगाट होता. मुख्याध्यापकांची काळजी वेगळी होती. तुम्ही बाहेर असताना काही अपघात झाला तर जबाबदार कोण? हा प्रश्न रास्त आहे, आणि याचं उत्तर मॉनिटर हे नव्हतंच. आठ वर्षांची मुलगी अपघात थांबवू शकत नाही. आम्ही मधलं दार उघडं ठेवायला लागलो, शेजारच्या चौथीच्या बाई लक्ष देतात, त्या बाहेर गेल्या की मी. बाहेर जाताना मी काम नेमून जाते, कोणत्या पानावरची किती गणितं. आणि कार्यालयातली बरीच बोलावणी आता मधल्या सुटीत होतात. मुख्याध्यापकांनी हे मनावर घेतलं याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

या वादात मला एका जुन्या प्रयोगाचा आधार मिळाला. १९३९ साली कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेत दहा वर्षांच्या मुलांच्या छोट्या मंडळांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. काही मंडळांत मोठा माणूस नुसते हुकूम सोडायचा, काहींत सगळं मिळून ठरायचं. हुकमाच्या मंडळांतला मोठा माणूस खोलीबाहेर गेला की काम थंडावायचं, मिळून ठरवणारी मंडळं आपलं काम चालू ठेवायची. आणि हुकमाखालच्या मुलांचा राग कधी कधी एखाद्याच मुलावर निघायचा. मी ज्येष्ठ बाईंना हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आपल्याकडे एकेका वर्गात चाळीस असतात गं, पाच-पाच नाही." तेही खरंच आहे. त्यांनी त्यांच्या वर्गात मॉनिटर ठेवला आहे, फक्त फुल्या बंद केल्या आहेत.

दिवाळीनंतर

तिची पोटदुखी एका दिवसात गेली नाही. सप्टेंबरात आठवड्यातून दोनदा, ऑक्टोबरात एखाद वेळी, दिवाळीनंतर आईनं तक्रार केली नाही. वजन वाढलं. हात धुण्याचं काम तिनं दोन सोमवार ओळीनं मागून घेतलं. पहिलीतली मुलं तिला ताई म्हणायला लागली आणि तिचं 'मॉनिटर' हे नाव आपोआप सुटलं. खिचडीच्या पंगतीत तिच्या शेजारी कोणी बसलं की मी अजूनही चोरून पाहते. बसतात, रोज नाही. ज्यांनी मारबत काढली त्यातले दोघं तिच्याशी अजून नीट बोलत नाहीत, आणि तीही त्यांच्याशी.

खिडकीजवळच्या मुलानं चष्मा दोनदा तोडला. तो आता पहिल्या बाकावर बसतो, पण बोलणं काही कमी झालेलं नाही. चष्मा लागल्यावर कळलं की त्याला बोलायला खरंच आवडतं. माठाचं काम त्याला फार प्रिय. मार्चमध्ये ऊन चढलं तसं त्यानं घरून जुनं गोणपाट आणलं, ओलं करून माठाला गुंडाळलं आणि दर तासाला त्यावर पाणी शिंपडायचं वेळापत्रक स्वतःच कोपऱ्यात लिहिलं. त्याची सोमवारची पाळी संपली तरी ते काम त्यानं कोणाला दिलं नाही. जोडीदारानं तक्रार केली, तेव्हा बालसभेत वीस मिनिटं चर्चा होऊन तो 'कायमचा पाणीवाला' ठरला. बदलाचा नियम माझ्या डोळ्यांदेखत मुलांनी मोडला. मी मध्ये पडले नाही, आणि ते बरोबर केलं की चूक, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

वर्ष संपताना मी चौथीच्या वर्गशिक्षकांकडे मुलांच्या नोंदी सोपवल्या. कोणाला चष्मा आहे, कोणाच्या घरी काय चाललं आहे, कोण कोणत्या कामात रमतं. बिल्लाही दिला, तो शाळेचा आहे. त्यांनी सरळ सांगितलं, मला मॉनिटर लागतो, मॅडम, त्याशिवाय माझं भागत नाही. मी म्हटलं, ठेवा. फक्त निवडायच्या आधी मुलाला विचारा, आणि त्याच्याकडून कोणाचं नाव लिहून घेऊ नका. त्यांनी नोंदवहीत माझ्यासमोर ते लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि ही मुलगी? हुशार दिसते. हिला करू का?"

"तिलाच विचारा," मी म्हटलं.

त्यांनी विचारलं. ती म्हणाली, माठाजवळ जागा असेल तर सांगा.